पांढुर्ण्याची पहिली, नरखेडची पहिली

पांढुर्णा आणि नरखेड ही नागपूर–इटारसी या एकाच रेल्वेमार्गावरची गावे. पांढुर्णा मध्य प्रदेशात, नरखेड महाराष्ट्रात; मधे राज्याची सीमा आहे, एवढेच. दोन्हीकडे संत्री आणि कापूस, दोन्हीकडे घरात मराठी, आणि दुखणे हाताबाहेर गेले की दोन्हीकडच्या माणसाला नागपूरच गाठावे लागते. २०२१ साली या दोन गावांतल्या पहिलीच्या मुलांमध्ये मात्र एक मोठा फरक पडला. मध्य प्रदेशाने कोविडमुळे बंद असलेले पहिली ते पाचवीचे वर्ग २० सप्टेंबरला निम्म्या उपस्थितीने उघडले. महाराष्ट्रात ग्रामीण भागातल्या पहिली ते चौथीला आणि शहरांतल्या पहिली ते सातवीला १ डिसेंबरची वाट पाहावी लागली. मधे ७२ दिवस गेले.

दोन्ही सरकारांनी कारण एकच सांगितले: मुलांची सुरक्षितता. विषाणू तोच, हवामान तेच, सीमेवरून रोज ये-जा करणारी माणसेही तीच. मग पांढुर्ण्यात २० सप्टेंबरला जे सुरक्षित होते ते नरखेडमध्ये नोव्हेंबरअखेरपर्यंत असुरक्षित कसे? दोन्ही तारखा बरोबर असू शकत नाहीत. खरे तर दोन्ही चुकल्या, कारण ज्या समजुतीतून त्या निघाल्या ती समजूतच उथळ होती.

समजूत अशी: साथीच्या काळात शाळा बंद असणे ही सुरक्षित स्थिती, उघडणे म्हणजे धोका पत्करणे, म्हणून धोका पुरेसा ओसरला की हळूहळू उघडावे, आधी मोठे वर्ग आणि सर्वांत शेवटी लहान. या लेखाचे म्हणणे याच्या उलट आहे. शाळा बंद ठेवल्याने धोका नाहीसा होत नाही, तो मोठ्यांच्या अंगावरून उतरून लहानांच्या अंगावर चढतो. म्हणून प्राथमिक शाळा बंद करायची वेळ आली तर ती सर्वांत शेवटी करावी आणि उघडताना सर्वांत आधी उघडावी. तिची सुरक्षितता तीन गोष्टींवर ठरते: वर्गातली हवा, वर्गातली मोठी माणसे आणि निर्णय घेणाऱ्याचे शाळेपासूनचे अंतर.

१. बंद शाळेचे नुकसान कुठल्या रजिस्टरात लिहायचे?

मार्च २०२० च्या मध्यास शाळा बंद झाल्या. पहिलीच्या परीक्षेला बसायचे ते मूल पुन्हा वर्गात बसले तेव्हा नियमाने तिसरीत होते. अठरा महिने गेले होते. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या आयुष्यातले अठरा महिने म्हणजे त्याला कळायला लागल्यापासूनचा बहुतेक काळ.

या काळात राज्याने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. जुलै २०२० पासून मध्य प्रदेशात ‘हमारा घर हमारा विद्यालय’ ही मोहीम चालली. सकाळी दहाला घरातल्या माणसाने थाळी वाजवायची आणि घरातली शाळा भरवायची, अशी कल्पना होती. रेडिओवर पाठ होते, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर रोज साहित्य येत होते, शिक्षक गावात फिरून चार-पाच मुलांना ओसरीत बसवत होते. या शिक्षकांनी घेतलेले कष्ट खरे होते. पण थाळी वाजवणारी आई दहा वाजता घरी कुठे असते? कापूस वेचणीच्या दिवसांत ती तासाभरापूर्वीच शेताला गेलेली असते आणि घरातला एकमेव मोबाईल बापाबरोबर मोंढ्यात किंवा बोरगावच्या कारखान्यात गेलेला असतो.

परिणाम मोजले गेले आहेत. अझीम प्रेमजी विद्यापीठाने फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत मध्य प्रदेशासह पाच राज्यांतल्या सरकारी शाळांमधली दुसरी ते सहावीची १६,०६७ मुले होती. वर्षभरापूर्वी येत असलेले भाषेचे निदान एक कौशल्य ९२ टक्के मुले विसरली होती आणि गणिताचे ८२ टक्के मुले. पुढचे शिकणे राहिले ते वेगळेच. इथे हाती असलेलेही गेले होते. ज्याँ द्रेझ, रीतिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये १५ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब वस्त्यांत सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली. ग्रामीण मुलांपैकी नियमित ऑनलाइन शिकणारी फक्त ८ टक्के होती आणि अजिबात न शिकणारी ३७ टक्के.

पांढुर्णा आणि शेजारच्या सौंसरमध्ये या नुकसानाला आणखी एक पदर आहे, आणि तो भोपाळच्या कुठल्याही आढाव्यात नीट दिसत नाही. ही गावे २०२३ पर्यंत ज्यात होती तो छिंदवाडा जिल्हा १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला आणि त्यासोबत ही मराठी बोलणारी गावेही राहिली. इथली बहुतेक मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत हिंदीत शिकतात. पहिलीच्या गुरुजींचे निम्मे काम हा पूल बांधण्याचे असते. पुस्तकात ‘प्याज’ आहे, मूल ‘कांदा’ म्हणते. पुस्तकात ‘कुआँ’ आहे, मुलाने पाहिली आहे ती विहीर. चांगला शिक्षक दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो, पोराकडून दोन्ही म्हणवून घेतो आणि आठवडाभरात पोरगे बिनदिक्कत दोन्ही वापरू लागते. रेडिओच्या पाठाला हे करता येत नाही. तो हिंदीत सुरू होतो आणि हिंदीत संपतो. भोपाळच्या मुलासाठी शाळा बंद होणे म्हणजे एक शिक्षक दुरावणे. सौंसरच्या मुलासाठी पुस्तकाची भाषा जिथे रोज कानावर पडायची ती जागाच बंद झाली.

अक्षर गिरवण्याचेही तसेच. पाटीवर ‘क’ काढणाऱ्या मुलाचा हात पाहिला की कळते: पेन्सिल मुठीत धरली आहे, दांडी आधी ओढली आहे, गाठ उलट्या बाजूला गेली आहे. बाई मागे उभ्या राहतात, मुलाच्या मुठीवर आपला हात ठेवतात, दोनदा फिरवतात. हे दहा सेकंदांचे काम आहे. मोबाईलवर ते वर्षभरात होत नाही, कारण मोबाईलला गिरवलेले अक्षर दिसते, गिरवणारा हात दिसत नाही.

आणि ताट. प्राथमिक शाळेतल्या मुलाला मध्यान्ह भोजनात दिवसाला १०० ग्रॅम धान्य आणि ४५० कॅलरीचे शिजवलेले जेवण मिळावे असा नियम आहे. शाळा बंद असताना कोरडा शिधा घरी पोचवला गेला, पण घरी आलेला शिधा घराचा होतो, तो पाच-सहा तोंडांत वाटला जातो. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मध्य प्रदेशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३३ टक्के मुले वयाच्या मानाने कमी वजनाची निघाली. ती मुले पुढे ज्या वर्गात येऊन बसतात, त्या वर्गाचे जेवण दीड वर्ष बंद ठेवणे हाही आरोग्याचाच निर्णय होता.

२. सर्वांत लहान ते सर्वांत आधी

डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० पासून शाळा उघडायला घेतल्या, तेव्हा सुरुवात पाळणाघरे आणि खालच्या वर्गांपासून केली. स्वीडनने नववीपर्यंतच्या शाळा बंदच केल्या नाहीत. त्या वसंतात तिथे १ ते १६ वयोगटातल्या साडेएकोणीस लाख मुलांपैकी कोविडने एकही मूल दगावले नाही आणि १५ मुलांना अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. स्वीडनची घरे, पोषण आणि रुग्णालये पांढुर्ण्यासारखी नाहीत, हे उघड आहे. तो अनुभव जसाच्या तसा इथे उचलता येत नाही. पण वयाचा क्रम कुठला असावा याविषयी तो बरेच सांगतो.

भारतात हा क्रम कोणी सांगितलाच नाही असेही नाही. २० जुलै २०२१ रोजी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनी पत्रकार परिषदेत स्पष्ट केले की, लहान मुले हा विषाणू मोठ्यांपेक्षा चांगला झेलतात. शाळा उघडायच्या तर शिक्षक आणि कर्मचाऱ्यांचे लसीकरण करून प्राथमिकपासून सुरुवात करणे शहाणपणाचे. सहा दिवसांनी, २६ जुलैला, मध्य प्रदेशात शाळा उघडल्या त्या अकरावी-बारावीच्या. मग नववी-दहावी, १ सप्टेंबरला सहावी ते आठवी, आणि शेवटी २० सप्टेंबरला पहिली ते पाचवी. महाराष्ट्रातही उतरंड हीच होती.

ही उतरंड परीक्षेच्या धाकातून आली. दहावी-बारावीला बोर्ड आहे, निकाल आहे, वर्तमानपत्रात टक्के छापून येतात. पहिलीला काहीच नाही. पण जोखमीचा आणि गरजेचा हिशेब मांडला तर तो उलटा येतो. सोळा वर्षांचा मुलगा पुस्तक उघडून स्वतः वाचू शकतो, मित्राला फोन करून विचारू शकतो, आणि संसर्ग पसरवण्यात तो मोठ्या माणसाच्या जवळ असतो. सहा वर्षांच्या मुलीला वाचताच येत नाही. वाचायला शिकणे हेच तिचे शिक्षण आहे आणि त्यासाठी समोर माणूस लागतो. जिला शाळेची सर्वांत जास्त गरज आणि विषाणूचा सर्वांत कमी धोका, तिला रांगेत सर्वांत मागे उभे केले गेले.

समाज बंद होता म्हणून हे झाले, असेही म्हणता येत नाही. ३ नोव्हेंबर २०२० रोजी मध्य प्रदेशात विधानसभेच्या २८ जागांसाठी पोटनिवडणूक झाली आणि मतदान केंद्रे बहुतांशी शाळांच्याच इमारतींत असतात. पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ७ सप्टेंबर २०२१ ला, जाम नदीच्या पात्रात गोटमारही, म्हणजे दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकण्याची पारंपरिक यात्राही, झाली. पांढुर्णा आणि सावरगावची माणसे नेहमीसारखी दोन्ही काठांवर जमली. पहिलीचा वर्ग भरायला तेव्हा अजून तेरा दिवस होते. गावाची श्रद्धा आणि परंपरा यांचे मोल इथे तोलायचे नाही. प्रश्न एवढाच आहे की ज्या गावाने नदीकाठच्या गर्दीचा धोका सोसला, त्या गावाला वीस लेकरांच्या वर्गाचा धोका सोसणार नाही, हे कोणी आणि कशावरून ठरवले?

३. सुरक्षितता म्हणजे हवा

शाळा उघडल्या तेव्हा दाराशी काय होते, हे ज्यांनी पाहिले त्यांच्या लक्षात असेल. कपाळावर धरायची तापमापक बंदूक, सॅनिटायझरची बाटली, जमिनीवर चुन्याची वर्तुळे आणि पालकांच्या सहीचे संमतिपत्र. या चारांपैकी एकही गोष्ट वर्गातली हवा बदलत नाही. कोविडचा विषाणू बंद जागेत साचणाऱ्या सूक्ष्म थेंबांतून पसरतो, हे २०२१ च्या मध्यापर्यंत जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्य केले होते. बाक पुसण्यात गेलेला वेळ खिडक्या दुरुस्त करण्यात गेला असता तर उपयोग झाला असता.

याचे दोन पुरावे फार बोलके आहेत. जेरुसलेममधल्या एका माध्यमिक शाळेत मे २०२० मध्ये मोठा उद्रेक झाला: १५३ विद्यार्थी आणि २५ कर्मचारी बाधित. शाळा उघडून जेमतेम दहा दिवस झाले होते. त्या आठवड्यात उष्णतेची लाट होती, म्हणून मास्कची सक्ती उठवली होती, वातानुकूलन सतत चालू होते आणि एकेका वर्गात ३५ ते ३८ मुले होती. ‘शाळा उघडली की असे होते’ म्हणून हे उदाहरण जगभर दिले गेले. खरे तर ते दारे-खिडक्या लावलेल्या खोलीचे उदाहरण होते. दुसरा पुरावा अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचा. तिथल्या १६९ प्राथमिक शाळांच्या अभ्यासात, ज्या शाळांनी वायुवीजन सुधारले तिथे बाधितांचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. शिक्षक-कर्मचाऱ्यांना मास्क सक्तीचा होता तिथे ३७ टक्क्यांनी. ज्यांनी फक्त दारे-खिडक्या उघडल्या, पंखे लावले, त्यांनाही फायदा झाला.

आता पांढुर्णा-सौंसर भागातली एखादी खेड्यातली प्राथमिक शाळा डोळ्यांसमोर आणावी. दोन-तीन खोल्या, पुढे ओसरी, अंगणात कडुनिंब, बाजूला स्वयंपाकाची खोली. खोलीला एका बाजूला दार आणि दोन खिडक्या. मागच्या भिंतीची खिडकी असते, पण माकडांमुळे किंवा पावसाच्या झडीमुळे ती वर्षानुवर्षे लावलेली, कडी गंजलेली. छताचा पंखा फिरतो, पण तो आतलीच हवा आत फिरवतो. या खोलीची परीक्षा कोणत्याही यंत्राशिवाय होते. मधोमध एक उदबत्ती लावावी आणि धूर पाहावा. धूर वर चढून तसाच रेंगाळला तर या खोलीत मुलांचा श्वासही तसाच रेंगाळतो. मागची खिडकी उघडावी, पुन्हा पाहावे. धूर दाराकडे सरकायला लागला की त्या एका गंजलेल्या कडीने काय केले ते दिसते. शहरातल्या शाळेने कार्बन डायऑक्साइड मोजणारे छोटे यंत्र घ्यावे. बाहेरच्या हवेत हे प्रमाण दहा लाखांत सव्वाचारशेच्या आसपास असते, वर्गात ते हजारावर गेले की एकमेकांचा उच्छ्वास एकमेकांच्या फुप्फुसांत जातो आहे असे समजावे.

ओसरी तर त्याहून चांगली. आणि कडुनिंबाखालची सावली सर्वांत चांगली. यात नवे काही नाही. क्षयाच्या भीतीने बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्ग इथे १९०४ मध्ये रानातली शाळा निघाली, अमेरिकेत प्रॉव्हिडन्सला १९०८ मध्ये उघड्या खिडक्यांची शाळा निघाली, आणि शांतिनिकेतनातली मुले तर १९०१ पासून झाडाखालीच बसत आली. विदर्भाला लागून असलेल्या या पट्ट्यात मार्चनंतर ऊन तापते, तेव्हा सकाळची शाळा भरवण्याची रीत आहेच. साडेसात ते साडेअकरा या वेळात झाडाखाली दोन वर्ग सहज बसतात. पावसाळ्यात ओसरी, हिवाळ्यात अंगण. यासाठी अनुदान लागत नाही. वरच्या परिपत्रकात ‘वर्ग’ या शब्दाचा अर्थ चार भिंती असाच धरलेला नसावा, एवढेच लागते.

निम्म्या उपस्थितीचा नियमही याच कसोटीवर पारखावा. चोवीस मुलांच्या शाळेत, जिथे ओसरी आहे आणि झाड आहे, तिथे बारा मुलांना घरी ठेवून काय मिळाले? आणि एका बंद खोलीत साठ मुले कोंबणाऱ्या शाळेत निम्मी म्हणजे तीस. ती तीस बंद खिडक्यांमागे चार तास बसली तर सुरक्षित झाली का? टक्केवारीला खोली दिसत नाही. खोलीचे क्षेत्रफळ, समोरासमोरच्या उघड्या खिडक्या आणि बाहेर बसण्याची जागा, यांवरून प्रत्येक शाळेचा आकडा वेगळा निघायला हवा.

४. शाळेतली मोठी माणसे

मे २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅरिन परगण्यात एका प्राथमिक शाळेत एका लस न घेतलेल्या शिक्षकाला थकवा आणि नाक चोंदण्याचा त्रास सुरू झाला. तरी शिक्षक दोन दिवस वर्गावर आले आणि गोष्ट वाचून दाखवताना मास्क काढत राहिले. वर्गातल्या २४ मुलांपैकी १२ बाधित झाली. पुढच्या दोन रांगांत बाधितांचे प्रमाण ८० टक्के होते. दारे-खिडक्या उघड्या होत्या, हवा गाळणारे यंत्रही होते. हवा आवश्यक आहे, पण आजारी मोठ्या माणसापुढे ती एकटी पुरत नाही.

प्राथमिक शाळेत साथ आणणारा दुवा बहुतेक वेळा मोठा माणूस असतो. म्हणून लस सर्वांत आधी त्यांना: शिक्षक, अतिथी (तात्पुरते) शिक्षक, स्वयंपाक करणाऱ्या बचतगटाच्या बाया, मुलांना आणणारा ऑटोवाला. केंद्राने शिक्षकांसाठी जादा लसी द्यायचे २५ ऑगस्ट २०२१ ला जाहीर केले, ५ सप्टेंबरचे लक्ष्य ठेवून. तोवर लसीकरण सुरू होऊन सात महिने झाले होते.

आणि त्याच्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे आजारपणाची रजा. अतिथी शिक्षकाला तेव्हा हजेरीवर पैसे मिळत. ताप अंगावर काढून तो वर्गावर येई, कारण न आल्यास दिवस बुडे. साथीच्या काळात त्याच्या आजारपणाचा दिवस पगारी करणे हा मुलांच्या सुरक्षिततेवरचा खर्च आहे. तापमापक बंदुकीपेक्षा तो कितीतरी उपयोगी पडेल.

५. घंटा कोणी वाजवायची?

मार्च २०२१ ची आठवण इथे उपयोगी आहे. नागपुरात १५ ते २१ मार्च टाळेबंदी होती. २० मार्चपासून मध्य प्रदेशाने महाराष्ट्रातून येणाऱ्या-जाणाऱ्या बसगाड्या थांबवल्या. सौंसर आणि पांढुर्ण्याची साथ भोपाळपेक्षा नागपूरच्या साथीला बांधलेली आहे, हे सरकारनेच त्या आदेशाने मान्य केले. मग शाळांच्या बाबतीत हीच गावे ग्वाल्हेर आणि रेवा यांच्याबरोबर एकाच तारखेला बांधायचे कारण काय?

जवळून निर्णय घेता येतो हे दिसले आहे. तेव्हाच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने गाव कोरोनामुक्त करून २०२१ च्या जूनमध्येच मुले शाळेत बसवली. १५ जुलैपासून महाराष्ट्राने कोविडमुक्त गावांत, ग्रामपंचायतीच्या ठरावाने, वर्ग भरवायची मुभा दिली. दुर्दैवाने ती आठवी ते बारावीपुरती होती. प्राथमिकच्या मुलांना तीच मुभा मिळाली असती तर विदर्भातली कित्येक खेडी डिसेंबरपर्यंत थांबली नसती.

शाळा व्यवस्थापन समिती शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत आहे आणि तिच्यातले तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. गावात किती जण तापाने पडले आहेत, कोणाच्या घरी नागपूरहून पाहुणे आले आहेत, कुठल्या खोलीची खिडकी उघडत नाही, हे तिला ठाऊक असते. राज्याने किमान अटी घालाव्यात, जनशिक्षकाने (आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या शिक्षकाने) आणि आशा ताईंनी माहिती पुरवावी, आणि त्या अटींच्या आत शाळा भरवणे किंवा आठवडाभर थांबवणे समितीकडे असावे. समिती चुकेल तेव्हा एक शाळा चुकेल. राजधानी चुकते तेव्हा सगळ्याच शाळा चुकतात.

आक्षेप, आणि ते टाळता येण्यासारखे नाहीत

घरातल्या म्हाताऱ्यांचे काय? हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, कारण या भागात तीन पिढ्या एका छताखाली राहतात. पण तो गृहीत धरतो की शाळा बंद असताना मूल विषाणूपासून दूर होते. जून-जुलै २०२१ मधल्या चौथ्या राष्ट्रीय रक्तपाहणीत ६ ते ९ वयोगटातल्या ५७.२ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. या मुलांना लस नव्हती आणि पंधरा महिने शाळाही नव्हती. संसर्ग त्यांना घरातून, लग्नातून, बाजारातून मिळाला. मध्य प्रदेशात एकूण लोकसंख्येचे प्रमाण ७९ टक्के होते, पाहणी झालेल्या राज्यांत सर्वांत जास्त. बंद शाळेने आजीला वाचवले असे या आकड्यांवरून म्हणता येत नाही. आजीला वाचवते ती आजीची लस.

मुलांना लस येईपर्यंत थांबायला नको होते का? बारा वर्षांखालच्या मुलांसाठी सरकारी लसीकरण मोहीम भारतात सुरूच झाली नाही. १५ ते १८ ला जानेवारी २०२२ मध्ये, १२ ते १४ ला मार्च २०२२ मध्ये लस मिळाली. जे पालक आणि जे अधिकारी लहानांच्या लसीची वाट पाहत होते, ते न येणाऱ्या गाडीची वाट पाहत होते.

शाळेत येऊन एखादे मूल दगावले तर? हा प्रश्न आकड्यांनी उडवून लावायचा नाही. मुलांनाही कोविड होतो, काहींना नंतर शरीरभर दाह पसरवणारा गंभीर आजार होतो, आणि कुपोषित मुलाला धोका अधिक असतो. एका आईचे मूल गेले तर तिला शेकडेवारी सांगणे हा निर्दयपणा आहे. पण तितकीच खरी दुसरी आई आहे, जिची मुलगी चौथीत पोचली तरी वाचत नाही, किंवा पाचवीनंतर शाळेत परतलीच नाही. पहिल्या मृत्यूची चौकशी होते, सही कोणाची होती ते पाहिले जाते. दुसऱ्या नुकसानीवर कोणाचीच सही नसते, म्हणून बंद ठेवणारा अधिकारी नेहमी सुरक्षित राहतो. संमतिपत्राने तर उरलेली जबाबदारीही पालकाच्या अंगठ्यावर ढकलली. जबाबदारी दोन्हीकडे सारखी लागू केली, म्हणजे शाळा बंद ठेवणाऱ्यालाही दर पंधरा दिवसांनी लेखी कारण द्यावे लागले, तर हा तोल बराच सुधारेल.

हे सारे मागाहून सुचलेले शहाणपण आहे का? काही अंशी. मार्च २०२० मध्ये कोणालाच फारसे ठाऊक नव्हते आणि एप्रिल-मे २०२१ मध्ये, ऑक्सिजनसाठी माणसे वणवण फिरत असताना, शाळा बंद ठेवणे बरोबरच होते. त्या दोन काळांवर या लेखाचा आक्षेप नाही. आक्षेप मधल्या आणि नंतरच्या महिन्यांवर आहे: २०२०-२१ च्या हिवाळ्यावर, जेव्हा लाट ओसरली होती आणि डेन्मार्कचा अनुभव आठ महिने जुना झाला होता, २०२१ च्या जुलै-ऑगस्टवर, जेव्हा देशातल्या सर्वोच्च वैद्यकीय संशोधन संस्थेचा प्रमुख प्राथमिकपासून सुरुवात करा म्हणत होता, आणि १५ ते ३१ जानेवारी २०२२ या दिवसांवर, जेव्हा मध्य प्रदेशाने पहिलीपासून बारावीपर्यंत सगळेच वर्ग पुन्हा एका आदेशाने बंद केले. सप्टेंबरमध्ये मुले परत आली, जेमतेम अक्षरांवर हात बसायला लागला आणि पुन्हा कुलूप लागले. तोवर माहितीची कमतरता उरली नव्हती.

पांढुर्णा जिल्ह्याच्या आराखड्यातले एक प्रकरण

ऑक्टोबर २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम २५ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्याला स्वतःचे प्राधिकरण असते आणि कलम ३१ प्रमाणे स्वतःचा आराखडा. कोविडच्या काळात शाळांचे आदेश याच कायद्याच्या आधाराने निघत होते. म्हणजे पूर्वी छिंदवाड्यात आणि त्याहीपेक्षा भोपाळात ठरणाऱ्या गोष्टींचा काही भाग आता पांढुर्ण्यात ठरू शकतो.

त्या आराखड्यात प्राथमिक शाळांचे स्वतंत्र प्रकरण असावे आणि ते साथ नसताना लिहिले जावे. प्रत्येक शाळेच्या नावापुढे किती खोल्या, समोरासमोर उघडणाऱ्या खिडक्या किती, ओसरी आहे का, सावलीत किती मुले बसतील, पाण्याचा नळ चालू आहे का, हे लिहिलेले असावे. घरी मराठी बोलणारी पहिली-दुसरीची मुले किती, हेही असावे, म्हणजे शाळा थांबवावीच लागली तर गुरुजी आधी कोणाच्या ओसरीत जाऊन बसतील ते ठरलेले असेल. लसीच्या यादीत शिक्षक आणि स्वयंपाकिणी कितव्या क्रमांकावर आहेत, आजारी अतिथी शिक्षकाच्या जागी कोण येणार, शिजवलेले अन्न घरपोच कसे जाणार, याचीही नोंद हवी. आणि आरंभीच, ठळक अक्षरात, उघडण्याचा क्रम: पहिली-दुसरी, मग तिसरी ते पाचवी, मग बाकीचे.

यातले पहिले काम उद्या सकाळीही होऊ शकते. शाळेच्या मागच्या खिडकीची गंजलेली कडी काढायची, नवी बसवायची आणि माकडांसाठी बाहेरून जाळी लावायची. साथ येवो न येवो, त्या खोलीत बसणाऱ्या मुलांना उजेड आणि वारा मिळेल.